“मॅडम, घर फुटेल हो!”

समोरच्या खुर्चीवर बसलेली आई रुमालाच्या घड्या घालायला लागली, की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. मुलांच्या समुपदेशनाच्या कामात बावीस वर्षं ऐकतेय. मुलाला लैंगिक त्रास दिलेला असतो घरातल्याच माणसानं. कधी मामा, कधी आतेभाऊ, कधी ज्यांच्या पाया पडल्याशिवाय सण होत नाही असे कुणीतरी. आणि मी तक्रारीचा विषय काढला, की खालच्या आवाजात येतं, “मॅडम, घर फुटेल हो.” या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून ओमबद्दल लिहायचं ठरवलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुटुंबाची परवानगी आहे.

मीरा नऊ वर्षांच्या ओमला घेऊन आली ती जूनमध्ये. तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता, आणि आजोळचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं नॉर्मल. आजोळ कोकणात. विधवा आजी तिच्या दिराच्या आसऱ्यानं राहते, घर आणि बाग त्याच्या नावावर. मीराचे ते अप्पाकाका, मुलांचे अप्पाआजोबा.

मी मुलांना खोदून विचारत नाही. पहिल्या दोन भेटींत आम्ही नुसते पत्ते खेळलो. तिसऱ्या भेटीत ओम पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोडवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “मी एक सांगितलं तर तुम्ही आईला सांगणार?”

“नाही सांगणार” हे उत्तर तोंडावर येतं, पण ते द्यायचं नसतं. मी म्हटलं, “तुला कुणी त्रास देत असेल, तर तो थांबवायला मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.”

तो बराच वेळ गप्प होता. कागद अख्खा निघाला. मग त्यानं विचारलं, “मग आजी कुठे राहील?”

मला काही उलगडेना. हळूहळू तो बोलत गेला. माडीवरची खोली, आतून लावलेली कडी. बाकीचं इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. पण प्रत्येक वेळी खाली येताना अप्पाआजोबा त्याला म्हणत, “बाहेर बोललास तर तुझ्या आजीला या घरातून काढीन.”

म्हणजे हे पोर दोन मे महिने आजीच्या डोक्यावरचं छप्पर सांभाळत होतं. मूल गप्प असलं की आपण म्हणतो, घाबरलं असेल. भीती असतेच. पण अनेकदा त्या गप्प बसण्याच्या बुडाशी माया असते, आणि त्रास देणाऱ्याला ती नेमकी ठाऊक असते. तो धरतो ती दोरी मायेचीच. हे मला ओमनं शिकवलं. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला “तू का नाही सांगितलंस?” असं विचारलेलं नाही. “तू कुणाला जपत होतास?” असं विचारते. या एका प्रश्नानं किती मुलं बोलती झाली, ते मी पाहिलंय.

आता काय करायचं आहे ते आधी ओमला सांगितलं, मग मीराला आत बोलावलं. ती रडली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, “अप्पाकाका कसे आहेत ते मला माहीत होतं. मी अकरा वर्षांची होते. थोरलीला मी त्या घरात एक रात्र एकटी ठेवली नाही. पण ओम मुलगा आहे. मुलाला काय होणार, असं वाटलं.”

हे वाटणं तिचं एकटीचं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि तसं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. आपण मुलींवर नजर ठेवतो, त्यांच्या येण्याजाण्याची वेळ बघतो. मुलग्यांना त्याच घरात मोकळं सोडतो.

आणि ओम बोलला नव्हता असंही नाही. दिवाळीत त्यानं आईला सांगितलं होतं, “मला अप्पाआजोबांना नमस्कार नाही करायचा.” तिनं त्याला दटावलं होतं, “मोठ्यांबद्दल असं बोलू नये.” मुलं एकदम सगळं सांगत नाहीत. आधी एक छोटं वाक्य टाकून बघतात, आपण ते उचलतो का म्हणून. अशा वेळी एवढंच विचारावं, “का बरं नको वाटतं?” आणि थांबावं. नमस्काराची, गालाच्या पापीची, मांडीवर बसण्याची बळजबरी कुणासाठीही करू नये. माझं शरीर माझं, हे मुलाला एरवी शिकवायचं आणि पाहुणे आले की विसरायला लावायचं, असं चालत नाही.

मीराचा नवरा संध्याकाळी आला. तेच वाक्य. वर, “लहान आहे, विसरून जाईल.” मी स्पष्ट सांगितलं, “मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, त्यानुसार ज्याला हे कळलं त्यानं कळवावंच लागतं. लपवणं हा गुन्हा आहे, माझ्यासाठीसुद्धा. उद्या सकाळी तुम्ही बरोबर या, नाहीतर मी एकटी जाईन.” ते चिडले. मला ती चीड चालते. घराची घडी विस्कटते तेव्हा कुणाचा तरी राग बाहेर येतोच.

मीरानं रात्री आईला फोन केला. पहाटेच्या एसटीनं आजी हजर. नऊवारी, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या माझ्यावरच घसरल्या. “आमच्यात असलं चव्हाट्यावर मांडत नाहीत, बाई. त्याच्या जिवावर माझी चूल पेटली.”

मी वाद घातला नाही. ओमला विचारून ठेवलं होतं, त्याप्रमाणे त्याचं एकच वाक्य त्यांना सांगितलं. “मग आजी कुठे राहील?”

आजींनी पिशवी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून मांडीवर घेतली. “माझ्या छपरासाठी?” म्हणाल्या. “माझ्या छपरासाठी पोरानं सोसलं?” मग मीराकडे वळल्या. “तुझ्या वेळी मला कळलं होतं गं. म्हणून तुला भिंतीकडेला झोपवायला लागले, आणि मी मधे.”

मीरा बघतच राहिली. “मला वाटायचं, मी काहीतरी वाईट केलंय म्हणून तू मला नजरेआड होऊ देत नाहीस.”

मी गप्प बसले. त्या दोघींना तिथे माझी गरज नव्हती. माझी पहिल्यापासून धारणा आहे की, मूल एकटं आजारी पडत नाही. न बोलण्याची सवय घरात आईकडून मुलीकडे उतरते, डाव्या हातानं लिहिण्यासारखी. त्या आईनं लेकीला राखलं होतं, अंथरूण घालून राखलं होतं. फक्त “तुझी चूक नाही” हे तीन शब्द बोलल्या नव्हत्या. तीस वर्षं लेकीनं ते राखणं शिक्षा म्हणून अंगावर वागवलं.

अकरा वाजता आम्ही सगळे पोलीस ठाण्यात गेलो. आजीसुद्धा. वडील गाडी चालवत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पालक याच भीतीनं अडतात. ओमचा जबाब घरीच घेतला. महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या, आई शेजारी बसली होती. कायद्यात तशीच तरतूद आहे. मुलाचं नाव छापता येत नाही, सुनावणी बंद दाराआड होते, आणि साक्ष देताना मुलाला आरोपी समोर दिसणार नाही ही काळजी न्यायालयानं घ्यायची असते. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आणि मूल सांगेल त्या क्षणी? त्याच्यासमोर किंचाळू नका, त्या माणसाला लगेच फोन लावू नका. “सांगितलंस ते फार बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” हे म्हणा. मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, तारीख घाला. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मावशीसमोर, आत्यासमोर तर नाहीच.

घर फुटलं का? हो. चुलत घरं बोलत नाहीत, एका लग्नाची पत्रिका आली नाही. खटला चालू आहे. आजी आता पुण्यात लेकीकडे असतात. पहिले काही महिने ओम आजीच्या आणि भिंतीच्या मधे झोपायचा. परवा मीरानं सांगितलं, त्यानं आपली गादी उचलून खिडकीखाली नेली. आजींना म्हणाला, “तू घोरतेस.”