प्रश्नोत्तरे : राजा नको, मग कारभारी कोण?

प्रश्न : अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढल्या, हे शाळेत शिकलो. पण त्यांची राज्यघटना तर १७८७ची. मग लढाई चालू असताना कारभार कोण पाहत होतं? कर कोण गोळा करत होतं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वसाहतींच्या सामाईक सरकारला, म्हणजे काँग्रेसला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. सगळी गोम तिथेच आहे.

सप्टेंबर १७७४मध्ये फिलाडेल्फियात सुतारांच्या संघाच्या इमारतीत बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. जॉर्जियातून कुणी आलं नाही. हीच ती काँग्रेस. सुरुवातीलाच वाद पेटला मतांवरून. अवाढव्य व्हर्जिनिया आणि एवढंसं ऱ्होड आयलंड, दोघांना सारखंच मत कसं? पण लोकसंख्येचे धड आकडेच हाताशी नव्हते. म्हणून तूर्त प्रत्येकी एक मत ठरलं, आणि ते तूर्त पुढे पंधरा वर्षं टिकलं!

मला विचाराल तर खरं सरकार होतं गावोगावच्या समित्यांचं. काँग्रेसने ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला आणि अंमलबजावणी या समित्यांवर सोपवली. १ डिसेंबर १७७४नंतर उतरलेला माल व्यापाऱ्याने परत पाठवायचा, समितीच्या ताब्यात ठेवायचा, नाहीतर विकून नफा बॉस्टनच्या गोरगरिबांना द्यायचा (चहा समुद्रात फेकल्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी बॉस्टनचं बंदर बंद केलं होतं). १ फेब्रुवारीनंतर आलेली गाठोडी तर न सोडताच माघारी. नियम मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं आणि त्याच्याशी व्यवहार तोडायचा. कोंबड्यांच्या झुंजी बंद, नाटकं बंद. मयताच्या वेळी हातमोजे वाटायची रीत होती, तीही बंद. यात दांडगाई झालीच. शेजारी शेजाऱ्याच्या चहावर पाळत ठेवू लागला. (वादातला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. १७७५मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला तो हिच्याच मुंबईकर साहेबांनी.) पण गव्हर्नरला न विचारता कारभार हाकायची सवय लोकांना लागली ती इथेच.

जून १७७५मध्ये काँग्रेसने फौज उभारली, वॉशिंग्टनला सरसेनापती नेमलं. खर्चासाठी नोटा छापल्या, त्या पाच-सहा वर्षांत कवडीमोल झाल्या. संघराज्याचा लेखी करार नोव्हेंबर १७७७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी मंजूर झाला, कारण फिलाडेल्फिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. पश्चिमेकडच्या जमिनींवरून मेरीलँड अडून बसलं, त्यामुळे करार लागू व्हायला मार्च १७८१ उजाडला. म्हणजे बहुतेक युद्ध लेखी कराराविनाच लढलं गेलं. शिवाय करारातही काँग्रेसने राज्यांकडे, म्हणजे आधीच्या वसाहतींकडे, पैसे फक्त मागायचे. दिले तर दिले. आयातीवर पाच टक्के जकात बसवू द्या म्हटलं, तर १७८२मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि बेत बारगळला. करार बदलायला तेराही जणांचा होकार लागे.

काही जण याला मूर्खपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. लंडनची पार्लमेंट परस्पर कर लादते म्हणून उठलेली ही माणसं, तीच चावी दुसऱ्या कुणाच्या हाती लगेच कशी देतील? किंमत मात्र मोजावी लागली. जून १७८३मध्ये पगार थकलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा दिला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने मदतीला स्थानिक फौज काढायला नकार दिला, आणि इंग्रजांना हरवलेल्या काँग्रेसने आपला मुक्काम प्रिन्स्टनला हलवला.