पंचवीस टक्के वाढ, पण कशावर?

प्रश्न: ताई, सहा वर्षांचा अनुभव आहे. काल एचआरचा फोन आला की सिलेक्शन झालंय, आत्ताच्या पगारावर पंचवीस टक्के वाढ देतोय, आणि मी आनंदात "हो चालेल" म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी मेल उघडला तर व्हेरिएबल (म्हणजे कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग), जॉइनिंग बोनस असं सगळं मिळून ते पंचवीस टक्के. आता परत बोलले तर ऑफर काढून घेतील का? आणि आत्ताचा पगार मी पहिल्याच फोनवर सांगून बसलेय, ते चुकलं का?

उत्तर: सही केलीय का? नाही ना, मग फोनवरच्या "चालेल"चं एवढं टेन्शन नको. त्यांनी तुम्हाला निवडलंय, परत पहिल्यापासून इंटरव्ह्यू घेत बसायची त्यांनाही हौस नसते, त्यामुळे नीट शब्दांत एकदा विचारलं म्हणून ऑफर सहसा जात नाही. वैताग येतो तो सगळं ठरल्यावर रोज एक नवीन मागणी काढली की. म्हणून काय ते एकदाच मागा.

आधी हिशोब. आत्ताचा पगार १०० धरा, तोही सगळा फिक्स्ड. ऑफर १२५ची, त्यात समजा २० व्हेरिएबल आणि ५ जॉइनिंग बोनस, मग हमखास येणारे किती? १००च! व्हेरिएबल मागच्या दोन वर्षांत लोकांना खरंच किती मिळालं ते सरळ विचारा. जॉइनिंग बोनस तर एकदाच येतो, वर पहिल्या वर्षात सोडलं तर परत द्यायची अट बऱ्याचदा असते, ती वाचा.

मग मेल टाका, की काम आवडलंय, फिक्स्ड ११५ होत असेल तर लगेच सही करून पाठवते. आकडा एकच, "११० ते ११५" म्हटलं की समोरच्याला ११०च ऐकू येतं. घरखर्च, हप्ते काढू नका, तुम्ही काय काम करता तेवढंच बोला. आणि फोनवर असाल तर आकडा सांगून गप्प बसा. हे फार अवघड जातं हो. मी स्वतः एकदा ती शांतता सहन न होऊन "थोडं कमी पण चालेल" बोलून बसले, आणि समोरची बाई नुसती माझा आकडा टाइप करत होती!

फिक्स्ड हलतच नसेल (प्रत्येक पदाचे बँड, म्हणजे पगाराच्या मर्यादा, ठरलेले असतात, ते कधीकधी खरंही असतं) तर सहा महिन्यांनी रिव्ह्यू, जास्तीच्या सुट्ट्या, घरून कामाचे दिवस, कुटुंबाचा विमा यातलं जे खरंच उपयोगाचं आहे ते मागा आणि पत्रात लिहून घ्या. तोंडी "बघू ना नंतर" धरू नका.

जुना पगार सांगितलात ते गुन्हा नाही, पण पहिला आकडा डोक्यात रुतून बसतो, ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्येच हे दाखवलं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८पासून ऑफरआधी जुना पगार विचारायलाच बंदी आहे. पुढच्या वेळी आधी त्यांचं बजेट विचारा. खोटा आकडा मात्र नको, सॅलरी स्लिप मागतात.

आणि नवीन पत्र हातात येईपर्यंत राजीनामा टाकू नका. नोटीस पिरियड किती आहे हो तुमचा, ते लिहिलंच नाहीत, आधी ते बघा.