फाईलचं नाव दिसतं पण फाईल उघडत नाही, त्यावर

१८९६-९७ च्या दुष्काळावर पीएचडी करताय, ग्रंथालयाच्या नव्या डिजिटल संग्रहात फाईलचं शीर्षक सापडतं पण पानं उघडत नाहीत आणि घरून जर्नल उघडलं की पैसे मागतं, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना माझेच जुने दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ग्रंथपाल नाही की वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा एकदा खात्री करून घ्या.

जर्नलचं आधी. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधकांना जर्नल्स मोफत वाचता यावीत म्हणूनची केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल्स आहेत, पण पहिल्या टप्प्यात फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. तुमचं संशोधन केंद्र खासगी संलग्न महाविद्यालयात असेल, तर विद्यापीठाकडे सोय आहे म्हणून ती आपोआप तुमच्याकडे येत नाही. या योजनेचं काम पाहणारे संस्थेचे नोडल अधिकारी कोण, एवढंच विचारा. आणि यात जर्नल्स मिळतात, जुनी कागदपत्रं नाहीत. बरेच जण तिथेच फाईल शोधत बसतात.

आता खरं दुखणं. नागपुरातल्या एका कार्यालयात (नाव घेत नाही) मला दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे तक्ते हवे होते. उत्तर मिळालं, “स्कॅन करून ऑनलाईन टाकून दिलं ना सगळं, आता कायले कागदं पाह्यता?” ऑनलाईन मात्र नुसती यादी. काही फायली उघडल्या, तर पानांची पुढचीच बाजू स्कॅन केलेली. मागच्या बाजूला अधिकाऱ्यांचे हाताने लिहिलेले शेरे असतात, ते गायब. एक नकाशा तर घडी न उलगडताच काचेवर ठेवलेला होता, अर्ध्या गावांची नावं घडीच्या आत. मूळ कागदांचा बस्ता मागितला तर “डिजिटायझेशन सुरू आहे, देता येत नाही”. म्हणजे कागदही नाही आणि चित्रही नाही. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यापायी अडकून पडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. स्कॅनिंग व्हायलाच हवं, पण पानं तपासून होईपर्यंत मूळ कागद अभ्यासकाला नाकारणं मला साफ चुकीचं वाटतं.

तोंडी विचारण्यात काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत. फाईल क्रमांक, वर्ष, विभाग घालून लेखी अर्ज करा, “स्कॅन प्रत अपूर्ण आहे, मूळ प्रत पाहू द्यावी” असं स्पष्ट लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्याच. गाईडची सही असली तर उत्तम. नाहीच दाद लागली तर माहिती अधिकार आहे, १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. पण तो शेवटी वापरा, कारण त्याच टेबलाशी पुढे वर्षभर तुमचं काम असतं.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुसरी प्रत शोधा. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची (नागपूर तेव्हा त्यातच होतं) छापील प्रोसीडिंग्ज, म्हणजे सरकारी कामकाजाच्या नोंदी, लंडनलाही जात, ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदुस्थान सरकारशी झालेला दुष्काळाचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतो. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नोंदणी मोफत आहे आणि बरंच काही घरबसल्या वाचता येतं. शिवाय १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले तेव्हा कागदपत्रंही वाटली गेली, त्यामुळे नागपुरात नाही ते भोपाळला असू शकतं. माझा अडकलेला तक्ता दिल्लीच्या प्रतीत निघाला, मागच्या शेऱ्यांशिवाय, पण आकडे पूर्ण.

जाता जाता: शोधताना नागपूर, वर्धा, चांदा (आजचं चंद्रपूर) यांची जुनी इंग्रजी स्पेलिंग्ज सगळी टाकून पाहा. जुना छापील देवनागरी मजकूर यंत्राला बऱ्याचदा नीट वाचता येत नाही, म्हणून मराठी वर्तमानपत्रात शब्दाऐवजी तारखेने शोधा. आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेताना फाईल क्रमांक त्यात येऊ द्या, लिंक उद्या असेलच असं नाही.

तुमच्या फाईलवर महसूल लिहिलंय की दुष्काळ, आणि वर्ष कोणतं, ते इथे टाका. दिल्लीच्या यादीत तिची जोडप्रत दिसते का ते मी पाहून सांगतो.