वाचकांचे प्रश्न : चंद्रावरची विवरं

प्रश्न : टायको विवराच्या मधोमध डोंगर दिसतो. तो ज्वालामुखी आहे का? लहान विवरांत असा डोंगर का नसतो?

उत्तर : ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. सेकंदाला १५-२० किलोमीटर वेगाने लघुग्रह आदळला की आघाताची लहर खडकात घुसते आणि वाटीसारखा खोल खड्डा पडतो. व्यास साधारण १५ किलोमीटरच्या आत असेल तर ही वाटी बरीचशी तशीच टिकते. तिची खोली व्यासाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी असते. त्याहून बऱ्याच मोठ्या वाटीला मात्र स्वतःचं वजन पेलत नाही. दाबला गेलेला तळ उसळून वर येतो आणि तिथेच थिजतो, तेच मधलं शिखर. कडे आत घसरतात, त्यांच्या पायऱ्या होतात. हे सगळं काही मिनिटांत उरकतं!

टायकोचं शिखर तळापासून सुमारे २ किलोमीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर जवळपास १२० मीटर रुंदीची एक शिळा बसलेली आहे. शिखरातला खडक खोलवरून आलेला असतो, म्हणजे भूवैज्ञानिकांना हे आयतं खोदकामच. कोपर्निकस विवराच्या शिखरांत ऑलिव्हिन हे खनिज सापडलं ते असंच. विवर आणखी मोठं, ३०० किलोमीटरच्या घरातलं असेल, तर एका शिखराऐवजी डोंगरांचं कडं उभं राहतं, श्रोडिंगर विवर पाहा.

शिखर दिसलं नाही म्हणजे विवर लहानच, असं मात्र नाही. प्लेटो १०० किलोमीटरचं आहे, पण त्याचा तळ लाव्हाने भरून सपाट झालाय.

प्रश्न : फोटोत टायको विहिरीसारखं खोल वाटतं. खरंच तितकं आहे का?

उत्तर : नाही. व्यास ८५ किलोमीटर, खोली सुमारे ४.७. याच प्रमाणात २५ सेंटीमीटरची ताटली केली तर ती जेमतेम १.४ सेंटीमीटर खोल होईल. विवराच्या मध्यापाशी उभं राहिलात तर भोवतालचा कडा क्षितिजावर फक्त पाच-सहा अंश वर दिसेल, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या अर्ध्याएवढा.

विहिरीचा भास सावलीमुळे होतो. म्हणून टायको शुद्ध नवमी-दशमीला पाहावं. तेव्हा तिथे सकाळ असते आणि कड्याची सावली तळावर लांब पसरते. पौर्णिमेला सावल्याच उरत नाहीत. तेव्हा दिसतात ते टायकोतून फुटलेले पांढरे किरण, बाहेर उडालेल्या मालाचे पट्टे, शेकडो किलोमीटर लांब.

उंची काढायची असेल तर सावलीची लांबी गुणिले त्या जागी सूर्य जितक्या अंशांवर आहे त्याचा टॅन्जन्ट. सूर्य ५ अंशांवर, सावली २० किलोमीटर, तर उंची १.७५ किलोमीटर. चूक होते ती बहुतेक चंद्रबिंबाच्या कडेजवळच्या विवरांत: तिथे सगळंच तिरक्या नजरेने दिसतं आणि दबलेली सावली तशीच मोजली की उत्तर कमी येतं.

प्रश्न : काही फोटोंत विवरं खड्ड्यांऐवजी टेकड्या वाटतात. फोटो चुकलाय का?

उत्तर : फोटो बरोबर आहे, फसतो तो मेंदू. उजेड वरून येतो असं तो गृहीत धरतो. फोटोत सूर्य खालच्या बाजूला असेल तर खड्ड्याची वरची भिंत उजळते आणि खड्डा फुगलेला भासतो. फोटो उलटा धरा, टेकड्यांचे पुन्हा खड्डे होतील.