मुंबई ते लंडन : 7,200 किमीला 8 तास का पुरत नाहीत?

तुमची आई जुलैत मुंबईहून लंडनला जाणार आहे आणि प्रवासाच्या वेळेचं गणित जुळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा हिशोब असा: अंतर 7,200 किमी, वेग ताशी 900 किमी, म्हणजे 8 तास. मग जाताना साडेनऊ-दहा आणि येताना नऊच्या आसपास का? आणि आईच्या तिकिटावर दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी 6 ला पोहोचणार असं कसं?

आधी अंतर. 7,200 हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं कमीत कमी अंतर. घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडनवर दोरा ताणून धरा. तो बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो. हीच मेख आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे विमानाला वळसा घालावाच लागतो. मुंबईला निदान अरबी समुद्रावरून ओमानकडे निघता येतं, दिल्लीकरांना तो वळसा जास्त जाचतो.

दुसरं, वारा. 10–12 किमी उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे अतिशय वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. वळशासकट 7,500 किमी धरा. सरासरी ताशी 50 किमीचा वारा समोरून आला तर वेग 850, म्हणजे जवळपास 8 तास 50 मिनिटं. तोच पाठीशी असला तर 950, म्हणजे 7 तास 54 मिनिटं. जाण्यायेण्यातला तासाभराचा फरक इथेच पडतो.

उरलेला वेळ जमिनीजवळ जातो. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी विमानं ठरावीक चार जागी घिरट्या घालतात. एक फेरी साधारण 4 मिनिटांची. कंपन्या हा खोळंबा आधीच वेळापत्रकात धरतात. त्यामुळे रांग नसली की विमान ‘लवकर’ पोहोचतं.

आता घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. जाताना फरक मिळवा, येताना वजा करा. आईचं उड्डाण जुलैत आहे: 1 ते 6 म्हणजे 5 तास, अधिक साडेचार, एकूण साडेनऊ. परतीला रात्री 9.30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11 ला मुंबई: साडेतेरा वजा साडेचार, म्हणजे 9 तास. त्या दोन रविवारांच्या आसपास पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर हा हिशोब दोनदा तपासा.

आई इन्सुलिन घेतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एवढं नक्की करा: डोसच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेताना त्यांना साडेनऊ तासांचा आकडा सांगा, घड्याळात दिसणारे 5 तास नव्हे.