तडीपार आणि हद्दपार

बातमीत गुंड ‘तडीपार’ होतो आणि पोलिसांच्या आदेशात तोच ‘हद्दपार’ असतो. मग या दोहोंत फरक कोणता आणि ही ‘तडी’ कुठली, अशी पृच्छा आहे. कारवाई एकच आहे. ‘तड’ म्हणजे काठ. संस्कृत ‘तट’शी त्याचे नाते आहे, आणि काम ‘तडीस नेणे’ यातली तडही तीच. ‘हद्द’ हा अरबी-फारसी वळणाचा दरबारी शब्द कागदोपत्री टिकला, तर ‘तडीपार’ बोलण्यात आणि मथळ्यांत रुळला.

मुंबईत या कारवाईचा आधार १९०२ च्या शहर पोलीस कायद्याचे कलम २७ हा होता. ज्याच्याविरुद्ध साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे बोलायला धजत नाहीत, अशा माणसावर खटला उभा राहणेच कठीण; म्हणून पोलीस आयुक्ताने त्याला शहराबाहेर काढावे, अशी ही तजवीज होती. १९५१ मध्ये अशाच एकाला बृहन्मुंबई सोडून अमृतसरला जाण्याचा हुकूम झाला, आणि त्याने अर्ज करून कल्याणात राहण्याची परवानगी मिळवली. साक्षीदारांची उलटतपासणी घेता येत नाही, ही त्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये मान्य केली नाही. साक्षीदार समोर आणायचे झाले तर कलमाचा हेतूच विफल होईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कल्याण खाडीपलीकडे असल्यामुळे हा माणूस शब्दशः तडीपार झाला खरा, पण तेवढ्यावरून शब्दाचा जन्म मुंबईच्या खाडीत शोधणे हा निव्वळ कल्पनाविलास ठरेल. पुण्या-नागपुरातले गुंडही तडीपारच होतात.

१९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात हीच तरतूद कलम ५५ ते ५७ मध्ये आली, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची ठरली, आणि दारूबंदी व जुगाराच्या कायद्यांखाली वारंवार दोषी ठरलेलेही तिच्या कक्षेत आले.

म्हणून ‘न्यायालयाने तडीपारीची शिक्षा दिली’ हा प्रयोग मला चुकीचा वाटतो. न्यायालय ठोठावत असे ती काळ्या पाण्याची शिक्षा. तडीपारी हा पोलिसांचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा प्रतिबंधक आदेश आहे. ‘तडीपार गुंड शहरातच सापडला’ हा मथळा मात्र, कितीही विसंगत वाटला तरी, बिनचूक आहे, कारण तिथे ‘तडीपार’ हे ठिकाण सांगत नाही, आदेश लागू असल्याचे सांगते. आणि परवानगीविना परतणे हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.