जुन्या टाइल्सच्या सांध्यांचा रंग जुळवताना

न्हाणीघरातील चार टाइल्स बदलल्यावर जुन्यासारखेच ग्राउट (टाइल्समधील सांध्यांत भरायचा मसाला) कोठे मिळेल, असे आपण विचारले आहे. परंतु दुकानात जाण्यापूर्वी जुने सांधे स्वच्छ करावेत. साबणाचा थर आणि क्षार साचून मूळचा फिकट राखाडी रंग तपकिरी दिसू लागतो, आणि नवशिके नेमके त्या मळाशीच रंग जुळवतात. साबणाचे पाणी व नायलॉनचा ब्रश वापरावा. अ‍ॅसिड कटाक्षाने टाळावे, कारण सिमेंटचे ग्राउट त्याने झिजते.

सांधे पूर्ण वाळल्यावर जुन्या ग्राउटचा लहानसा खपला काढून दुकानात न्यावा आणि दिवसाच्या उजेडात रंगपट्टीशी ताडून पाहावा. रंग दोन छटांच्या मधला निघाला, तर एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या दोन भुकट्या कोरड्या असतानाच मोजून मिसळाव्यात व ते प्रमाण लिहून ठेवावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ओल्या रंगावरून निर्णय घेणे. सिमेंटचे ग्राउट ओले असताना गडद दिसते आणि वाळताना बरेच उजळते, म्हणून टाकाऊ टाइलच्या दोन तुकड्यांमधील फटीत नमुना भरून तो २-३ दिवस वाळू द्यावा आणि मगच जुन्या सांध्याशेजारी धरावा. एवढा धीर धरलात, तर निम्मे काम फत्ते झाले.

पाणी पाकिटावरील प्रमाणातच घालावे. जास्त पाण्याने, तसेच निथळत्या स्पंजने पुसल्याने, सांध्यावर पांढुरके पट्टे उमटतात.

इपॉक्सी ग्राउटचा, म्हणजे सिमेंटऐवजी राळ वापरून केलेल्या ग्राउटचा, विचार तूर्त करू नये. एवढे करूनही फरक दिसलाच, तर भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतचे सर्व सांधे खरवडून नव्याने भरावेत. दोन छटा एकाच सपाटीवर शेजारी आल्या नाहीत, तर फरक सहसा लक्षात येत नाही.